चार वर्षांपूर्वीची किटली

प्रत्येक कलावंताच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला थांबून, मागे वळून, आपण कुठून निघालो आणि कुठवर आलो हे शांतपणे पाहावं लागतं. माझ्या भाचीच्या आयुष्यात तो क्षण शुक्रवारी दुपारी आला, कारण सोमवारी सकाळी ते पाहून जमा करायचं होतं.

भाची चित्रकलेच्या कॉलेजात पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात तिला खोडरबर म्हणतात. हे नाव तिने स्वकष्टाने मिळवलेलं आहे. बाकीची मुलं काढतात आणि मधूनमधून पुसतात. ही पुसायची आणि मधूनमधून काढायची. तिच्या बोर्डाखाली चुरा इतका साचायचा, की झाडायला येणाऱ्या बाई आधी तिची जागा झाडायच्या, मग जरा दम खायच्या, आणि मग उरलेला वर्ग झाडायच्या.

तर ही खोडरबर माझ्या घरी आली, उभ्या उभ्या पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि म्हणाली,

“मामा, तुला लिहिता येतं ना?”

घरातल्या माणसाने हा प्रश्न विचारला की मी सावध होतो. मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहितो, ते आमच्या घरात कोणी वाचत नाही. पण निवृत्तीचं भाषण, वरच्या मजल्यावरून होणाऱ्या गळतीची तक्रार, लग्नाला न येण्याचं सभ्य कारण, हे सगळं माझ्याकडेच येतं. माझं खरं साहित्य ते.

“येतं,” मी म्हणालो. “कोणाविरुद्ध लिहायचंय?”

“माझ्याबद्दलच लिहायचंय. ‘माझी वाटचाल’. कलावंत म्हणून माझ्यात काय वाढ झाली ते.”

“मग तू लिही की.”

“माझ्यात झाली असती तर लिहिलं असतं.”

मग तिने सगळं सांगितलं. या वर्षापासून कॉलेजने नवा नियम काढला होता. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला भिंतीचा एक तुकडा मिळणार. डाव्या बाजूला पहिल्या वर्षाची चित्रं, उजव्या बाजूला यंदाची, आणि मधे ‘माझी वाटचाल’. बाहेरचे परीक्षक डावीकडून उजवीकडे चालत जाणार आणि चालता चालता त्यांना वाढ दिसली पाहिजे. केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात, तसंच. फक्त इथे माणूस एकच आहे की नाही, हेही तपासणार होते.

“आणि डाव्या बाजूला काहीच नसलं तर?”

“तर वाढीचे गुण शून्य. म्हणजे वर्ष परत.”

“तुझ्या डाव्या बाजूला काय आहे?”

“खिळे,” ती म्हणाली.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या सरांनी तिचं एक चित्र वर्गासमोर धरलं होतं. या सरांना मुलं छायाप्रकाश म्हणतात, कारण वाक्य कुठूनही निघालं तरी ते तिथेच पोचतं. चित्र किटलीचं होतं. कॉलेजात एकच किटली आहे आणि प्रत्येक नवी तुकडी तीच काढते. सरांनी चित्र धरून विचारलं, “ही किटली कधीपासून आजारी आहे?” वर्ग हसला. सर माणूस म्हणून वाईट नाहीत. हाच विनोद ते दरवर्षी वेगवेगळ्या किटलीवर करतात आणि दरवर्षी तो चालतो. पण भाचीने त्या संध्याकाळी वर्षभराची सगळी चित्रं गुंडाळली, वर सुतळी बांधली आणि घरी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली. सकाळी गठ्ठा तिथे नव्हता.

“आईला विचारलंस?”

“तू वेडा आहेस का, मामा? तिला अजून वाटतं मी फार्मसीला जायला हवं होतं. ती म्हणेल, म्हणजे चार वर्षांचं हाती काहीच नाही? औषधाच्या बाटलीला निदान लेबल तरी असतं.”

हे ताईचंच वाक्य होतं. भाचीने ते तिच्या वतीने आधीच म्हणून घेतलं.

थोडा वेळ ती माझ्या टेबलावरच्या पेन्सिलींना टोक काढत बसली. त्या मी टोक मोडलेल्याच वापरतो, पण तिला ते बघवत नाही.

“गुणांचं सोड,” ती म्हणाली. “ती चित्रं असती, तर मला तरी कळलं असतं.”

“काय?”

“मी सुधारलेय, की नुसती मोठी झालेय.”

या प्रश्नावर मला विनोद सुचला नाही. सुचला नाही की मी माणसाला काहीतरी उद्योग सुचवतो.

“मग आत्ता काढ,” मी म्हणालो. “पहिल्या वर्षाची चित्रं. त्यात काय अवघड आहे? वाईट काढायचीत. मी तर न शिकता काढतो.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मामा लोकांचा जन्म नेमका कशासाठी असतो हे तिला तेव्हाच उमगलं असावं.

शनिवारी ताई ड्यूटीवर होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भाचीची आई. एका इस्पितळात चादरी आणि कपड्यांचं खातं सांभाळते. तिच्या राज्यात फाटक्या चादरीचे अभ्रे होतात, फाटक्या अभ्र्यांची फडकी होतात, आणि फाटक्या फडक्यांचं पुढे काय होतं हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही. भाऊजींचं चष्म्याचं दुकान खाली रस्त्यावरच आहे. तेही दुकानात होते. आम्ही दोघं वर त्यांच्या घरी, खोलीचं दार लावून, गुन्ह्याला बसलो.

स्वयंपाकघरातली किटली आणून स्टुलावर ठेवली. भाचीने कागद लावला, पेन्सिल घेतली आणि चार वर्षांत पहिल्यांदाच वाईट काढायचं ठरवून काढायला लागली.

जमेना.

आधी तिने डाव्या हाताने काढून पाहिलं. किटली थरथरत होती, पण त्या थरथरण्यात एक रुबाब होता. अशी चित्रं मी महागड्या हॉटेलांत लिफ्टसमोर पाहिली आहेत. मग तिने उजव्या हाताने, मुद्दाम तोटी लांब आणि झाकण लहान काढलं.

“हे बरं वाईट आहे,” मी धीर दिला.

“कुठे वाईट आहे? सावली बघ. बरोबर जिथे पडायला हवी तिथे पडलीये. मी टाकली नाही, हाताने टाकली.”

“मग सावली पूस.”

तिने पुसली. आता ती सावली पुसलेली चांगली किटली झाली. मग तिने डोळे मिटून काढली. मग किटली उलटी ठेवून काढली. दुपारपर्यंत जमिनीवर दहाबारा किटल्या पडल्या होत्या. सगळ्या व्यंग असलेल्या, पण एकही अडाणी नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण वाकडं करून दिलं तरी बाई सरळच नाचत होत्या.

“आण इकडे,” मी म्हणालो. “वाईट काढण्याचं काम जाणकाराला द्यावं.”

मी काढली. जीव ओतून काढली. खरं सांगतो, मी काही वाईट काढायचा प्रयत्न केला नाही. तशी गरजच पडली नाही. झाल्यावर ती जरा बदकासारखी दिसत होती, पण ज्याला आधी सांगितलं असतं त्याला ती किटली वाटली असती.

भाची मागे येऊन उभी राहिली.

“मामा, तू किटलीकडे पाहिलंस किती वेळा?”

“एकदा. सुरुवातीला. किटली मला माहीत आहे.”

“तेच. तुला माहीत असलेली काढलीस. समोरची काढलीच नाहीस. हे तोंड बघ. तुला माहीत आहे ते गोल आहे, म्हणून गोल काढलंस. पण तू बसलायस तिथून ते गोल दिसतं का? चपटं दिसतं. आणि दांड्याच्या आतली जागा बघ, दांडा बघू नकोस. त्या जागेचा आकार काढ, दांडा आपोआप येतो.”

मी नव्या कागदावर त्या रिकाम्या जागेचा आकार काढला. दांडा आपोआप आला. पन्नाशीच्या माणसाच्या आयुष्यात अशा गोष्टी फार घडत नाहीत, म्हणून मी ते मुद्दाम नोंदवून ठेवतो.

“ही घे,” मी दांड्याच्या धड्याआधीची किटली तिच्यापुढे केली. “डावीकडे लाव. इतकी अस्सल वाईट तुला बाजारात मिळायची नाही.”

तिने ती उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिली. मग परत दिली.

“नाही चालणार. ही तुझी चूक आहे.”

“चुकीवर काय नाव लिहिलेलं असतं?”

“असतं. तू बिनधास्त चुकतोस. ठोकून रेघ मारतोस आणि पुढे जातोस. मी अशी नव्हते. मी घाबरून चुकायचे.”

“मग घाबर.”

“कशी घाबरू? आता भीतीच वाटत नाही किटलीची.”

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली. काही काही वाक्यं माणूस बोलून जातो आणि त्यालाच ऐकू येत नाहीत.

चारच्या सुमारास भाऊजी चहाला वर आले. भाऊजी कलेबद्दल फार बोलत नाहीत. मुलीच्या पहिल्यावहिल्या चित्रांकडे पाहून त्यांनी तिचा डावा डोळा तपासून घेतला होता, एवढाच त्यांचा कलासमीक्षेतला अनुभव. ते कप घेऊन किटल्यांमधून जपून पावलं टाकत फिरले.

“हे काय चाललंय, मेहुणे?”

मी सांगितलं. त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. ते समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, तेही बॅटरी लावून.

“पकडली जाईल,” ते म्हणाले.

“का हो?”

“माझ्याकडे शाळेतली पोरं येतात. मैत्रिणीला चष्मा लागला की यांनाही हवा असतो. मग तक्त्यावरची अक्षरं चुकीची वाचतात. पण ज्याला खरंच दिसत नाही तो चाचपडतो, डोळे बारीक करतो, थांबतो. नाटक करणारी पोरगी धडाधड चुकते. ही सगळी धडाधड चुकलेली चित्रं आहेत.” चहा संपवून ते पुढे म्हणाले, “हिला दिसतंय. चांगलं दिसतंय. उगाच नंबर देऊ नका.”

ते खाली गेले. भाची जमिनीवर बसून राहिली. बापाने चार वर्षांत केलेलं ते पहिलं कौतुक होतं आणि ते नेमकं तिला नको त्या दिवशी आलं होतं.

“म्हणजे डावीकडे खिळेच,” ती म्हणाली.

ताई संध्याकाळी घरी आली. मला पाहून म्हणाली, “अरे वा, लेखक. जेवून जाणार की नुसता उपदेश करून?”

“जेवून.”

“मग हात धू आणि ताटं काढ. वरच्या फळीवर आहेत. आणि माझी किटली कुठेय?”

भाचीने मुकाट्याने किटली आणून दिली. ताईने ती उलटीसुलटी करून पाहिली, की आमच्याकडून तिचं काही कमीजास्त तर झालं नाही. मी कपाट उघडलं. ताटांची चळत उचलली आणि तसाच उभा राहिलो.

ताटांखाली कागद होता. फळीवर घालतात तसा, कडेला नीट दुमडलेला. त्या कागदावर, डब्यांच्या तेलकट गोल डागांमधून, एक किटली माझ्याकडे बघत होती. बिचारी आजारी होती.

“ताई,” मी म्हणालो, “हा कागद कुठला?”

“कुठला म्हणजे? हिचाच. कचऱ्यात टाकला होता. एवढा जाड कागद कोणी कचऱ्यात टाकतं? सगळ्या फळ्यांना पुरला.” ती गॅसपाशी वळली. “आणि त्याला काहीतरी औषध मारलंय बघ. चार वर्षांत एक झुरळ नाही.”

ते औषध म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून चित्रावर मारायचा फवारा. झुरळांबद्दल त्याच्या डब्यावर काही लिहिलेलं नसतं.

भाची दारात उभी होती. ती पुढे आली आणि एकेक फळी रिकामी करायला लागली. डबे खाली, वाट्या खाली, पेले ओट्यावर.

“अगं, जेवायची वेळ आहे,” ताई म्हणाली. “काय झालंय हिला?”

मला सांगावं लागलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ताईने ऐकलं, हातातला चमचा खाली ठेवला.

“मग मला विचारायचं होतं.”

“तू रागावली असतीस.”

“आत्ताही रागावलेच आहे. दिवसभर दोघं मिळून नवा कागद नासवत बसलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.” मग चमचा परत उचलत म्हणाली, “बाकीची पालथी घातली होती. ही एक तेवढी सुलटी घातली. बरी दिसत होती.”

चित्रं जेवणाच्या टेबलावर पसरली. भाची वाकून किटलीकडे पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, कारण आता निकाल लागणार होता. कॉलेजचा नव्हे, तिने शुक्रवारी विचारलेल्या प्रश्नाचा.

किटली वाईटच होती. त्यात काही चमत्कार झाला नव्हता. तोटी एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि तोंडाच्या जागी कागद इतका घासलेला, की एके ठिकाणी पापुद्रा उठून भोक पडायचं बाकी होतं. पण ती चित्राच्या रेघा बघतच नव्हती. तिने दिवा ओढून आडवा लावला आणि बोट ठेवलं.

“मामा, हे बघ.”

पेन्सिल दाबून काढली की कागदावर चर पडतो. रेघ पुसली तरी चर राहतो. चार वर्षं स्वयंपाकघराचा धूर आणि तेलाचा हात त्या चरांत जाऊन बसला होता, आणि तिने पुसलेली एकेक रेघ पिवळट तपकिरी होऊन वर आली होती. तोंडाच्या भोवती अशा किती रेघा होत्या, एकीवर एक. दोऱ्याचा गुंता असावा तशा.

“ही सगळ्यांत खालची, सगळ्यांत जास्त दाबलेली,” ती म्हणाली. “ही पहिली.”

“मग?”

“बरोबर आहे.”

मी पाहिलं. माझा दुपारचा धडा ताजा होता. तोंड चपटं होतं, जसं बसल्या जागेवरून दिसावं तसं.

“मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं,” ती म्हणाली. “पण वाटलं, इतक्या लवकर बरोबर कसं येईल? म्हणून पुसलं. मग सगळं पुसत गेले.”

भाऊजी वर आले होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं, कागदावर धरलं, मान हलवली आणि भिंग परत ठेवलं. डावा डोळा ठीक होता तर.

“म्हणजे मी शिकले काय?” भाचीने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. “दिसत तर आधीही होतं. चार वर्षांत मी फक्त हात थांबवायला शिकले.”

“काही लोकांना ते शिकायला चाळीस वर्षं लागतात,” ताई म्हणाली. “तुझ्या बापाला अजून दुसऱ्याची पोळी आपल्या ताटात घ्यायची थांबवता येत नाही. उचला आता ते, अन्न गार होतंय.”

मी रविवारभर बसून ‘माझी वाटचाल’ लिहिली. तीन पानं झाली. त्यात ‘शोध’ होता, ‘अंतर्मुख’ होतं, एका ठिकाणी ‘रेषेशी झालेला संवाद’ही होता. भाचीने वाचली, छान आहे म्हणाली, आणि बाजूला ठेवून स्वतःचं लिहिलं. ते इतकंच होतं: ‘पहिल्या वर्षी मी रेघ काढून पुसायचे. आता काढून थांबते, बघते, आणि मगच पुसायचं की नाही ते ठरवते. किटलीच्या तोंडाची पहिली रेघ दिवा आडवा धरून पाहावी.’ आणि खाली सुतळीने एक छोटी बॅटरी टांगली, भाऊजींच्या दुकानातली.

सोमवारी बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. पालकांना आत सोडत नव्हते. मी दाराशी उभा राहून वर्तमानपत्राचा बातमीदार असल्याचा भास निर्माण केला. बाई भाचीच्या तुकड्याच्या डाव्या बाजूपाशी थांबल्या. छायाप्रकाश सर मागे हात बांधून उभे राहिले. त्यांना किटली आठवली नसावी. असे आजार त्यांनी फार पाहिले आहेत.

“हे गोल डाग कसले?” बाईंनी विचारलं.

“डब्यांचे,” भाची म्हणाली.

“अच्छा. म्हणजे वस्तूचं चित्र, आणि चित्रावर वस्तूचाच ठसा.”

“नाही, म्हणजे आईने फळीवर घातलं होतं.”

“तुमची आईसुद्धा या प्रक्रियेत होती,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

“छायाप्रकाशही बघा,” सर म्हणाले.

बाईंनी बॅटरी मात्र उचलली नाही. उजवीकडच्या मोठ्या चित्रांपुढे, कोळशाने काढलेल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे, त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि बरी आहेत म्हणाल्या. भाची पास झाली. वाढीचे गुण तिला वर्गात सर्वांत जास्त मिळाले, डागांमुळे.

दाराबाहेर आल्यावर मी म्हणालो, “त्यांनी रेघ पाहिलीच नाही.”

“मी पाहिली ना,” भाची म्हणाली, आणि चहा कुठे मिळेल ते शोधायला लागली.

प्रदर्शन संपल्यावर चित्रं घरी आली. जुनी किटली भाचीने स्वतःच्या टेबलासमोर लावली. पण ताईच्या फळ्या तोवर उघड्या पडल्या होत्या आणि तिने दोनदा आठवण केली होती. शेवटी भाचीने यंदाच्या खुर्च्या तिच्या हातात दिल्या.

“नक्की?” ताईने विचारलं. “ही तर चांगली आहेत.”

“असू दे. मला परत काढता येतात.”

“ते औषध मारलंय ना?”

“मारलंय.”

कागद मोठा होता, वरच्या दोन फळ्यांना नीट बसला. खालच्या फळीला चार बोटं कमी पडला, तिथे ताईने माझी तीन पानांची वाटचाल घातली आहे. झुरळं सध्या फक्त त्याच कोपऱ्यात येतात.